काळकर्ते शिवरामपंत परांजपे : लेखणीपासून मुळशीपर्यंत

धरण म्हणजे काय, हे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. त्यानंतर वैतरणा झाली, भातसा झाली. आजही मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातील फार मोठा भाग एकट्या शहापूर तालुक्यातून जातो आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. ही गोष्ट आपल्या इतक्या सवयीची झाली आहे की, तिच्याविषयी कधीकाळी कोणी प्रश्न विचारला असेल, त्या प्रश्नासाठी कोणी तुरुंगात गेले असेल, असे आपल्या मनातही येत नाही. पण तसे घडले आहे. सह्याद्रीच्या कुशीत अडवलेले पाणी मुंबईच्या उपयोगासाठी नेताना ज्यांची घरे आणि भातशेती बुडते त्यांचे काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात उभा राहिला होता. त्यासाठी जे तुरुंगात गेले, त्यांत एक अठ्ठावन्न वर्षांचे, संस्कृतचे पंडित, नाटककार, कादंबरीकार आणि महाराष्ट्रातील एका अत्यंत प्रभावी वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांचे नाव शिवराम महादेव परांजपे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना परांजपे हे नाव अपरिचित नाही. वक्रोक्तीचा बादशहा, ‘काळ’ पत्राचे कर्ते, निबंधकार अशी त्यांची ओळख परीक्षेपुरती आपण पाठ केलेली असते. परंतु वक्रोक्ती हा त्यांचा अलंकार होता की नाइलाज होता, आणि आडवळणाने बोलण्यात ज्याची हयात गेली तो मनुष्य अखेरीस शेतकऱ्यांच्या बरोबर सरळ सत्याग्रहाला कसा गेला, याचा विचार फारसा केला जात नाही. या लेखात त्यांचे चरित्र याच दृष्टीने सांगण्याचा प्रयत्न आहे.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे झाला. १८५७ च्या उठावाला तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. महाडहून रायगड किल्ला जवळ. कोकणातील पुष्कळ बुद्धिमान मुलांप्रमाणे त्यांचे शिक्षण गावातून रत्नागिरीला आणि रत्नागिरीहून पुण्याला असे पुढे सरकत गेले. त्या काळचे पुणे म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने भारावलेले पुणे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले होते आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे १८८१ मध्ये सुरू झाली होती. अशा वातावरणात १८८४ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृत विषयासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बी. ए. आणि १८९२ मध्ये एम. ए. होऊन त्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केले.

एम. ए. झालेल्या मनुष्याला त्या काळी सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे. मामलेदारी, मुन्सफी, शिक्षणखात्यातील अधिकारपद, यांपैकी काहीही त्यांना मिळू शकले असते. पण शिवरामपंतांना व्याख्यानाची ओढ होती आणि व्याख्यानात राजकारण आल्याशिवाय राहत नव्हते. त्यांचे वक्तृत्व असे होते की श्रोते तासन्‌तास जागचे हलत नसत. अशा प्राध्यापकाचे कॉलेजात फार दिवस निभणे कठीणच होते. अध्यापनाचे ते पर्व लवकरच संपले आणि त्यांच्या आयुष्याला दुसरेच वळण लागले.

हे वळण समजण्यासाठी १८९७ हे साल ध्यानात घेतले पाहिजे. १८९६ मध्ये दुष्काळ पडला होता आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या कारभाराने लोक संतापले. २२ जून १८९७ रोजी रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारने सारा राग वृत्तपत्रांवर काढला. जुलैअखेर टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एवढ्याने समाधान न होऊन सरकारने १८९८ च्या आरंभी दंडविधानातील राजद्रोहाचे १२४ अ हे कलम अधिक व्यापक केले. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे म्हणजे राजद्रोह, हा अर्थ आता कायद्यातच पक्का झाला. अनेक संपादकांच्या लेखण्या थबकल्या. आणि अगदी त्याच सुमारास, टिळक तुरुंगात असताना, २५ मार्च १८९८ रोजी शिवरामपंतांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले.

पत्राचे नावच बोलके होते. काळ म्हणजे समय, आणि काळ म्हणजे मृत्यूही. वाचकाने आपल्या मनाप्रमाणे अर्थ घ्यावा. कायदा ज्या आठवड्यांत आवळला जात होता त्याच आठवड्यांत नवे राजकीय पत्र काढणे हे धाडस तर खरेच. पण नुसते धाडस असते तर ‘काळ’ सहा महिनेही चालला नसता. तो दहा वर्षे चालला, याचे कारण शिवरामपंतांनी शोधून काढलेली लिहिण्याची रीत.

ही रीत कशी होती? जे म्हणायचे ते सरळ म्हणायचे नाही. ज्याची निंदा करायची त्याची स्तुती करायची, पण ती इतकी वाढवीत न्यायची की वाचणाराला हसू फुटावे आणि हसता हसता त्याच्या मुठी वळाव्यात. हिंदुस्थानाविषयी लिहायचे असेल तर इटलीविषयी लिहायचे, अमेरिकेविषयी लिहायचे, प्राचीन ग्रीसविषयी लिहायचे. देशाचे नाव बदलून वाचण्याचे काम वाचकाने करायचे. झाडे, पक्षी, पर्वत, पुराणातले राजे यांच्या रूपकांतून पारतंत्र्याचे दुःख सांगायचे. संस्कृत साहित्यातील व्याजोक्ती आणि अन्योक्ती ज्याने मुळापासून अभ्यासली होती, अशाच माणसाला हे साधण्यासारखे होते. वर्गात जे अलंकार शिकवले, तेच अलंकार शिवरामपंतांनी सरकारच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठी वापरले. सरकारी भाषांतरकाराने लेखाचे इंग्रजीत भाषांतर करावे, तर त्यात आक्षेपार्ह असे एकही वाक्य सापडू नये. आणि मराठी वाचकाने तोच लेख वाचावा, तर त्याला रात्री झोप येऊ नये! अलंकारशास्त्राचा असा उपयोग मराठीत पूर्वी क्वचितच कोणी केला असेल.

म्हणून वक्रोक्ती ही शिवरामपंतांची केवळ शैली होती असे म्हणणे अपुरे आहे. ती पारतंत्र्यातील माणसाची भाषा होती. ज्याला मोकळेपणाने बोलता येते त्याला आडवळणाची गरज पडत नाही. ‘काळ’मधील निबंधांची गोडी चाखताना त्या गोडीमागे केवढी कोंडी होती, हे विसरून चालणार नाही.

‘काळ’चा परिणाम मुख्यतः तरुणांवर झाला. शाळा-कॉलेजांतील मुले तो अंक एकमेकांना वाचून दाखवीत. नाशिकच्या विनायक दामोदर सावरकर या तरुणाच्या मनावर ‘काळ’ने फार खोल ठसा उमटवला. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा टिळकांबरोबर शिवरामपंतही तेथे होते. पुढे १९०६ मध्ये लंडनच्या श्यामजी कृष्णवर्मा यांनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीसाठी सावरकरांची शिफारस टिळकांनी केली तशीच शिवरामपंतांनीही केली. राजकारणात ते टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाचे होते. १९०५ ची बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण या सर्व प्रश्नांवर ‘काळ’चा पक्ष जहाल होता आणि १९०७ साली सुरतेला काँग्रेस दुभंगली तेव्हा त्यांची जागा कोठे होती, हे निराळे सांगायला नको.

याच काळात त्यांची साहित्यसेवाही चालू होती. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून त्यांनी ‘मानाजीराव’ हे नाटक लिहिले. ‘गोविंदाची गोष्ट’ ही कादंबरीही त्यांच्या लेखणीतून उतरली. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य निबंधात होते. मराठी निबंध चिपळूणकरांनी उभा केला, आगरकरांनी त्याला तर्काची धार दिली आणि शिवरामपंतांनी त्याला काव्य दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दहा वर्षे सरकार वाट पाहत होते. संधी १९०८ साली मिळाली. ३० एप्रिल १९०८ रोजी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. तो न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता. मारल्या गेल्या त्या केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया. या घटनेवर देशातील राष्ट्रीय पत्रांनी लेख लिहिले आणि सरकारने संपादकांना एकामागून एक पकडण्यास सुरुवात केली. जूनमध्ये शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईला आले असता २४ जून रोजी सरदारगृहात स्वतः टिळकांनाही पकडण्यात आले. जुलैमध्ये शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची. टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या एकाच महिन्यात महाराष्ट्राच्या दोन मोठ्या पत्रांचे कर्ते तुरुंगात गेले, ही गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते.

शिवरामपंत १९०९ मध्ये सुटले. पण त्यांची खरी शिक्षा सुटकेनंतरच सुरू झाली. १९१० साली नवा प्रेस अ‍ॅक्ट आला. या कायद्याने सरकारला छापखान्याकडून आणि पत्राकडून जामीन मागण्याचा अधिकार दिला. ‘काळ’कडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला. ज्या काळी सामान्य शिक्षकाचा पगार महिन्याला वीस-पंचवीस रुपयांच्या घरात असे, त्या काळी दहा हजार ही रक्कम म्हणजे पत्र बंद करा, असेच सांगणे होते. ‘काळ’ बंद पडला. एवढ्यावर न थांबता ‘काळ’मधील निवडक निबंधांचे जे ग्रंथ निघाले होते तेही सरकारने जप्त केले. ज्या घरात ती पुस्तके सापडतील त्या घरावर पोलिसांची नजर. ही बंदी उठलेली पाहण्यास शिवरामपंत हयात नव्हते. लेखकाला तुरुंगात टाकणे ही एक गोष्ट आणि त्याने लिहिलेले सर्व शब्द त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे करणे ही दुसरी. यांत अधिक क्रूर कोणती, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

येथे एका गोष्टीचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. ‘काळ’ कोणी वाचला? १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शंभरात जेमतेम पाच होते. जे वाचू शकत त्यांतही रूपके, पुराणांतले दाखले, संस्कृत वळणाची भाषा हे सारे समजणारे किती? ‘काळ’ची वक्रोक्ती सरकारला जशी कळत नव्हती तशीच ती खेड्यातल्या शेतकऱ्यालाही कळण्यासारखी नव्हती. ती शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण समाजाची भाषा होती. शिवाय आधी राजकीय स्वातंत्र्य, मग सामाजिक सुधारणा, या मताकडे त्या पक्षाचा कल होता. शिवरामपंतांच्या जन्मगावी, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा लढा सुरू केला. देश परक्यांपासून सोडवायचा, पण गावातल्या पाण्यावर सर्वांचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न ‘काळ’च्या पिढीने पुरेशा आवाजात विचारला नव्हता. शिवरामपंतांविषयी आदर बाळगूनही हे म्हणावे लागते.

मग असा मनुष्य मुळशीला का गेला? हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करण्यासारखा भाग आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले. महात्मा गांधींची असहकाराची चळवळ त्याच वेळी सुरू होत होती. टिळकांचे कित्येक अनुयायी गांधींच्या मार्गाविषयी साशंक होते आणि त्यांच्यापैकी अनेक पुढे निराळ्या वाटेने गेले. शिवरामपंतांनी मात्र असहकाराची बाजू घेतली. १९२० मध्येच त्यांनी ‘स्वराज्य’ नावाचे नवे साप्ताहिक सुरू केले. दहा वर्षे बंद असलेली लेखणी पुन्हा चालू लागली. ‘काळ’ हे नाव दोन अर्थांचे होते. ‘स्वराज्य’ या नावाला एकच अर्थ होता. आता झाकून बोलण्याचे दिवस मागे पडत होते.

याच वेळी पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरणाचे काम सुरू केले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी साठवायचे, ते बोगद्यातून कोकणाच्या बाजूला भिरा येथे खाली सोडायचे, त्यावर वीज निर्माण करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला पुरवायची, अशी ही योजना. धरणाखाली पन्नासच्या वर गावे आणि हजारो माणसे उठणार होती. मावळातील ही जमीन आंबेमोहोर भातासाठी नावाजलेली. भूसंपादनाची रीतसर कारवाई होण्यापूर्वीच लोकांच्या शेतांत खणती सुरू झाल्या. एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. बायकामुलांसह लोक कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. कंपनीने काही महिन्यांपुरती माघार घेतली. त्यानंतर सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा हाती घेऊन जमिनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली आणि लढा पुन्हा पेटला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्याच लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली.

या लढ्यातील पेच नीट समजून घेतला पाहिजे. राष्ट्रीय पक्षाची आजवरची सारी शिकवण अशी होती की परका तो शत्रू आणि स्वदेशी ते आपले. टाटांची कंपनी तर स्वदेशी. कारखाने निघावेत, वीज व्हावी, देश उद्योगात पुढे जावा, हेच तर स्वदेशीच्या चळवळीने मागितले होते. मग स्वदेशी कंपनीच्या धरणाला विरोध करणे हे देशकार्य की देशद्रोह? पुण्या-मुंबईतील अनेक सुशिक्षितांना हा विरोध अडाणीपणाचा वाटला. काही शेकडा कुटुंबांसाठी साऱ्या मुंबईची वीज अडवायची काय, असा त्यांचा सवाल होता. शिवाय मुळशीतील पुष्कळ जमीन गहाण पडलेली, सावकारांच्या ताब्यात गेलेली. मोबदला सावकाराच्या हाती पडणार आणि जो नांगर धरतो त्याच्या हाती काय पडणार, तर स्थलांतर. सावकारांना मोबदल्यात रस होता. जमीन वाचवण्यात नव्हता. म्हणजे एका बाजूला परके सरकार, स्वदेशी भांडवल आणि स्वदेशी सावकार. दुसऱ्या बाजूला अक्षरशत्रू मावळे. स्वराज्य म्हणजे कोणाचे राज्य, हा प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपात महाराष्ट्रापुढे पूर्वी आलाच नव्हता.

शिवरामपंतांनी या पेचात आपली जागा निवडली. १९२२ साली मुळशीच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटत होती आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९०८ च्या तुरुंगवासापेक्षा या तुरुंगवासाचे मोल वेगळे आहे. १९०८ साली ते लिहिलेल्या शब्दांसाठी गेले. ते शब्द ज्यांनी वाचले त्यांनी त्यांचा जयजयकार केला. १९२२ साली ते अशा माणसांसाठी गेले, ज्यांनी ‘काळ’चा एकही अंक वाचलेला नव्हता आणि वाचला असता तरी त्यांना तो कळला नसता. येथे वक्रोक्तीचा काही उपयोग नव्हता. तेथे एकच भाषा चालत होती, ती म्हणजे त्या लोकांच्या बाजूने उभे राहण्याची. आयुष्यभर रूपकांतून स्वातंत्र्य सांगणाऱ्या या संपादकाने आपल्या स्वातंत्र्याच्या कल्पनेची कसोटी स्वतःच पाहिली.

मुळशीचा सत्याग्रह यशस्वी झाला नाही. तीन वर्षे चालून १९२४ च्या सुमारास तो मावळला. सेनापती बापटांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली, धरण पुरे झाले, गावे बुडाली. भिऱ्याची वीज मुंबईला गेली. विस्थापितांपैकी अनेकांच्या पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. तरीही जगाच्या इतिहासात धरणाविरुद्ध संघटितपणे केलेल्या अगदी आरंभीच्या लढ्यांत मुळशीची गणना होते. नर्मदा खोऱ्यातील आंदोलन पुढे सहा दशकांनी उभे राहिले, तेव्हा अभ्यासकांना मुळशीची आठवण झाली.

आपल्या भागाच्या इतिहासाशीही या गोष्टीचा एक धागा जुळतो. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने सह्याद्रीच्या परिसरातील विजेचे मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने बंद पडावेत आणि परक्या सरकारचे युद्धकार्य थांबावे, हा त्यांचा हेतू होता. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात वीरमरण आले. दरवर्षी आपण त्या हुतात्म्यांना वंदन करतो. सह्याद्रीतून मुंबईकडे जाणारी ही वीज एका पिढीने शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी अडवू पाहिली, तर दुसऱ्या पिढीने देशाच्या स्वातंत्र्यासाठी. दोहोंची किंमत डोंगरातल्या माणसांनी मोजली.

तुरुंगातून सुटल्यावर शिवरामपंतांची प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. पण लेखन थांबले नाही. १९२४ साली ‘विंध्याचल’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. १८०२ ते १८१८ या काळातील मराठ्यांच्या लढायांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि तो १९२८ मध्ये प्रकाशित झाला. ज्या सोळा वर्षांत मराठ्यांचे राज्य गेले तीच सोळा वर्षे त्यांनी निवडली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विजयाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. आपण का हरलो, हे पाहण्याचे धैर्य थोड्यांना असते. १९२९ साली बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याचे निबंध बाळगणे हा गुन्हा होता, त्यालाच मराठी सारस्वताने आपल्या सर्वोच्च आसनावर बसवले. सरकारच्या बंदीला साहित्यिकांनी दिलेले हे उत्तरच होते. त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘पहिला पांडव’ हे त्यांचे नाटक त्यांच्या पश्चात, १९३१ मध्ये प्रकाशात आले.

आज शिवरामपंतांकडून आपण काय घ्यायचे? त्यांची भाषा आज कोणी लिहू शकणार नाही आणि लिहू नये. ती त्या काळाची होती. परंतु त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी मात्र आपल्याला थेट लागू पडतात.

पहिली गोष्ट लिहिण्याच्या स्वातंत्र्याची. ज्या कलमाखाली टिळक आणि परांजपे तुरुंगात गेले ते १२४ अ कलम स्वातंत्र्यानंतरही दंडविधानात राहिले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्यावर जुने दंडविधानच गेले. नव्या संहितेत त्या जागी आलेल्या कलमाविषयी कायदेपंडितांत वाद आहे. आपण विद्यार्थ्यांनी त्या वादात कोणतीही बाजू घ्यावी, पण एवढे तरी जाणून घ्यावे की मराठीतील काही उत्तम गद्य या एका कलमाच्या सावलीत, सावलीला चुकवीत लिहिले गेले आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. धरणे झाली नसती तर मुंबईने काय प्यायले असते, हा प्रश्न खराच आहे. धरणे नकोत असे म्हणणे सोपे आहे. नळ उघडून पाणी पिणाऱ्याला ते शोभत नाही. शिवरामपंत ज्या प्रश्नासाठी मुळशीला गेले तो वेगळा होता. सर्वांच्या हिताचे काम करताना त्याची सारी किंमत काही थोड्यांनीच का द्यावी, आणि देणाऱ्याला कोणी विचारले का, असा तो प्रश्न होता. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणावरून अलीकडच्या वर्षांत जो वाद झाला आणि न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. आता सरकार परके नाही, संपादकाला जामीन भरावा लागत नाही आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील मुलेमुली कॉलेजात येऊन बी. ए. होत आहेत. हा प्रश्न त्यांच्या वतीने विचारायला आता पुण्याहून कोणी पंडित यावा लागू नये. १९०१ साली शंभरातले पाच वाचू शकत होते. आज ज्यांची जमीन जाते त्यांच्याच घरात लिहिणारे हात आहेत.

शिवरामपंतांनी आपली विद्या नोकरीसाठी वापरली नाही, ती आधी देशासाठी आणि मग देशातल्या सर्वांत दुबळ्या माणसांसाठी वापरली. लेखणीचा प्रवास पुण्याच्या छापखान्यापासून मुळशीच्या शेतापर्यंत झाला, म्हणून तो मोठा. आपल्यापैकी ज्यांचा प्रवास शेतापासूनच सुरू होतो, त्यांना हातात लेखणी घेताना या काळकर्त्याचे स्मरण व्हावे, एवढीच अपेक्षा.